निवृत्त गुरुजींची शिदोरी

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे शिक्षक निवृत्त झाला की त्याचा सत्कार होतो. शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात, शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एखादे घड्याळ दिले जाते, त्यांचे मार्गदर्शन आम्हांला यापुढेही लाभत राहो असे मुख्याध्यापक म्हणतात आणि टाळ्या होतात. दुसऱ्या दिवसापासून ते मार्गदर्शन मागायला कोणीही जात नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी गेलेल्या या माणसाजवळ तीस-पस्तीस वर्षांच्या टाचणवह्या असतात, हाताने काढलेले तक्ते असतात, कोणत्या वयाचे मूल कुठे अडते आणि कशाने सुटते याचे हजारो अनुभव असतात. वह्या काही दिवस माळ्यावर राहतात, मग एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. अनुभव तर तराजूतही जात नाहीत. ते त्या माणसाबरोबरच संपतात.

मित्रहो, ही उधळपट्टी आहे असे मला वाटते. ज्या समाजाजवळ पैसा कमी आहे आणि ज्याच्या शाळांत साधनांची वाण आहे, त्या समाजाला ती परवडणारी नाही. निवृत्त शिक्षकाजवळची व्यवसायाची शिदोरी आज कामात बुडालेल्या शिक्षकाच्या हातात कशी पडेल, हा प्रश्न शिक्षण खात्याचा आहे तसा आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचाही आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

हा विषय मी का निवडला, तेही थोडक्यात सांगतो. आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसणारा मी पहिला. आई चौथीपर्यंत शिकलेली, वडील आठवीपर्यंत. ज्यांच्या घरी आईवडील अभ्यास घेऊ शकतात, त्यांच्या मुलांना वर्गात कमी मिळाले तर ते घरी भरून निघते. आमच्यासारख्यांना जे मिळते ते शाळेच्या चार भिंतींत. तिथला शिक्षक थकलेला असला, गोंधळलेला असला किंवा वर्गावर हजरच नसला, तर आमचे नुकसान भरून काढणारे दुसरे कोणी नसते. म्हणून शिक्षकाला मिळणारी मदत ही खरे तर आमच्या घरांना मिळणारी मदत आहे.

आमचा हा पट्टा कारखान्यांचा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, त्यापुढच्या दशकात टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांच्या पाठोपाठ हजारो लहान वर्कशॉपे. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती सुमारे १० लाख १२ हजार होती, ती २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसे वाढली! ही माणसे मराठवाड्यातून आली, विदर्भातून आली, कर्नाटकातून, बिहारमधून आणि उत्तर प्रदेशातून आली. त्यांची मुले निगडीच्या, चिखलीच्या, तळवड्याच्या शाळांत एका बाकावर बसतात.

माझे वडील तळवड्यातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. त्यांच्या तोंडी 'हात बसणे' हा शब्द नेहमी असतो. कोणता धातू किती खोल कापला की पाते जळते, कोणत्या आवाजाला मशीन बंद करायचे, हे पुस्तकात नसते, ते हात बसलेल्या माणसाकडून घ्यावे लागते. म्हणून चांगल्या कारखान्यात जुना फिटर निवृत्त व्हायच्या आधी वर्षभर दोन पोरे त्याच्या हाताखाली देतात. शिकाऊ उमेदवारांसाठी तर १९६१ चा कायदाच आहे. ड्रॉइंग कपाटात जपून ठेवलेले असते, जिग आणि फिक्श्चरवर नंबर घातलेले असतात. एक माणूस गेला म्हणून लाइन बंद पडत नाही.

शाळेत मात्र नव्या शिक्षकाच्या हातात पडते काय? कपाटाची किल्ली, हजेरीपत्रक आणि पोषण आहाराची नोंदवही. त्याच वर्गात, त्याच बाकांसमोर आदल्या माणसाने पंधरा वर्षे काय केले, कोणता धडा कसा शिकवला, कोणती युक्ती फसली, याची एक ओळही त्याच्या हाती लागत नाही. तो पहिल्यापासून सुरुवात करतो. पंधरा वर्षांनी तोही जातो आणि पुढचा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. लोखंडाला आकार देण्याची विद्या आपण जितकी जपतो, तितकी मुलांना घडवण्याची विद्या जपत नाही, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकाने स्वतः वाचावे, शिकावे, त्याला पगार मिळतो. बोलणे सोपे आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे काम आठवड्याला पंचेचाळीस तासांचे धरले आहे आणि त्या तासांत अध्यापनाच्या पूर्वतयारीचा वेळ अंतर्भूत आहे. म्हणजे तयारी हा शिक्षकाच्या कामाचा भाग आहे, हे कायद्यालाही मान्य आहे. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला शिक्षणाव्यतिरिक्त कामाला लावता येत नाही. परंतु जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांचा त्याला अपवाद आहे. आता निवडणुका पाहा. लोकसभा, विधानसभा, महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, शिवाय मतदार याद्यांचे काम! अपवादाचे दार एवढे रुंद आहे की त्यातून अख्खी शाळा बाहेर जाऊ शकते. शिवाय शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, आणि आज पाठवलेली माहिती उद्या निराळ्या नमुन्यात पुन्हा मागणारे आदेश आहेतच. माझी धाकटी बहीण तिसरीत असताना तिच्या बाई अशाच एका कामावर कित्येक दिवस होत्या आणि दोन वर्ग एका खोलीत बसवले होते. त्या बाईंना दोष देण्याचे माझ्या मनात कधी आले नाही. संध्याकाळी याद्यांची पिशवी घेऊन त्या आमच्याच गल्लीत जिने चढताना मी पाहिल्या आहेत.

आणि साधने नाहीत असेही आता म्हणता येत नाही. उलट ती फार झाली आहेत. बालभारतीच्या पुस्तकांत चौकोनी खुणा छापलेल्या असतात, त्या मोबाइलने टिपल्या की धड्याची चित्रफीत उघडते. केंद्र शासनाचे 'दीक्षा' २०१७ पासून आहे. शिक्षकांच्या मोबाइलवर दिवसाला किती फायली येऊन पडतात याची गणती नाही. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान पन्नास तास द्यावेत अशी अपेक्षा त्यात आहे. अपेक्षा योग्यच आहे. पण पूर आला म्हणून पिण्याच्या पाण्याची सोय होत नाही. त्या शंभर फायलींतली आपल्या वर्गाच्या कामाची कोणती, हे पाहायलाच जो वेळ लागतो, तो त्या शिक्षकाजवळ नसतो. त्याला आणखी साहित्य नको आहे. त्याला चाळून, निवडून, खडे काढून दिलेले मूठभर हवे आहे.

चाळायला दोन गोष्टी लागतात, फावला वेळ आणि चांगली चाळण. या दोन्ही गोष्टी ज्याच्याजवळ एकाच वेळी असतात असा माणूस म्हणजे निवृत्त शिक्षक. आणि त्याच्याजवळ तिसरीही एक गोष्ट असते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्याच्याजवळ अधिकार नसतो. केंद्रप्रमुख येतात ते नमुना घेऊन, विस्तार अधिकारी येतात ते शेरा लिहायला. ती माणसे भली असली तरी त्यांच्यापुढे 'मला हा धडा शिकवता येत नाही' असे कोणता शिक्षक म्हणेल? निवृत्त माणसापुढे तो म्हणू शकतो. त्या माणसाला ना गोपनीय अहवाल लिहायचा असतो, ना कोणाची बदली करायची असते. मला तर वाटते, या संपूर्ण योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

हे सारे हवेतले बोलणे नाही. महाराष्ट्रात याची परंपरा आहे. १८६१ साली 'मराठी शालापत्रक' सुरू झाले ते प्राथमिक शिक्षकांसाठीच. त्याची परंपरा पुढे 'जीवन शिक्षण' या मासिकाने चालवली. ताराबाई मोडकांनी मराठीत 'शिक्षणपत्रिका' चालवली आणि त्यांच्यामागे अनुताई वाघ यांनी ती पुढे नेली. बोर्डी आणि कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर त्यांनी जे करून पाहिले, ते या पत्रिकेच्या पानांतून दूरच्या एखाद्या बालवाडीच्या बाईपर्यंत गेले. जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. दिल्लीतले मोठे काम संपवून आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते पुण्याला आले आणि भारतीय शिक्षण संस्थेच्या कामात रमले. १९८१ साली ते गेले. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक राज्याच्या शिक्षण संचालक होत्या. त्या पदावरून निवृत्त झाल्यावर शाळेबाहेर राहिलेल्या खेड्यांतल्या मुलामुलींच्या शिक्षणाचे काम त्यांनी त्याच संस्थेतून अनेक वर्षे केले. कोठारी आयोगाने सुचवलेली शाळासंकुलाची कल्पना, म्हणजे एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी साधने, ग्रंथ आणि माणसे वाटून घ्यावीत ही कल्पना, २०२० च्या धोरणात पुन्हा आली आहे. मधे अर्धशतक गेले. चांगल्या कल्पना आपल्याकडे मरत नाहीत, त्या नुसत्या निजून राहतात!

परंतु माझ्या विषयाच्या अगदी जवळचे उदाहरण कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांचे आहे. त्यांचा जन्म १९२७ चा. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या त्या कन्या. त्यांची नोकरी शिक्षक घडवणाऱ्या शासकीय अध्यापक महाविद्यालयांत झाली. म्हणजे उद्याच्या शिक्षकांना शिकवावे कसे, हे शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर पुष्कळ माणसे भाषणे देतात. लीलाताईंनी १९८५ साली कोल्हापुरात 'सृजन आनंद' ही प्राथमिक शाळा सुरू केली. बी.एड.च्या वर्गात जे सांगितले, ते सहा-सात वर्षांच्या मुलांसमोर टिकते का, हे त्यांनी स्वतः करून पाहिले. निवृत्तीच्या वयात स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यायला निघालेली ही बाई मला थोर वाटते.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे करून पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले. 'शिक्षण घेता-देता', 'अर्थपूर्ण आनंदशिक्षणासाठी', 'लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं' अशी त्यांची पुस्तके आहेत. शेवटचे शीर्षक पाहा. मुलाचे लिहिणे एका बाजूला आणि शिक्षकाचे शिकवणे दुसऱ्या बाजूला, अशी ती जोडी आहे. मुलाने काय लिहिले हे नीट पाहिल्याशिवाय आपण काय शिकवले हे शिक्षकाला कळत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. जून २०२० मध्ये लीलाताई गेल्या. निवृत्तीनंतरची पस्तीस वर्षे! एका नोकरीइतकीच दुसरी नोकरी त्यांनी निवृत्तीनंतर केली, आणि तिला पगार नव्हता. शाळा काढणे सर्वांना जमणार नाही, ते खरे. परंतु करून पाहिलेले लिहून ठेवणे आणि लिहिलेले दुसऱ्याच्या हाती देणे हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग तरी कोणत्याही निवृत्त शिक्षकाला जमण्यासारखा आहे.

तो जमतो, हे मी निगडीतच पाहिले आहे. आमच्या भागात एक निवृत्त गुरुजी राहतात. नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून देत नाही. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांच्या वहीतला मजकूर मोठ्या अक्षरात उतरवून देण्याचे काम वर्षभर मी करतो आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन-तीन शिक्षिका आणि एक तरुण सर त्यांच्याकडे येतात. अर्धा-पाऊण तास बसतात, चहा घेतात आणि एक पान घेऊन जातात. एका पानावर एकच अडचण आणि एकच उपाय, असा गुरुजींचा नियम आहे. पान निगडी ते मनपा या बसमध्ये उभ्याने वाचून झाले पाहिजे, असे ते म्हणतात.

या पानांवर काय असते, त्याचे दोन-तीन नमुने देतो. दुसरीतले मूल 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिते. आपण त्याला वेंधळे म्हणतो. गुरुजींच्या पानावर लिहिले आहे की मूल बरोबर ऐकते. मराठीत आधी सात ऐकू येतात आणि मागून वीस, आणि लिहिताना मात्र वीसातले दोन आधी लिहायचे असतात. 'एकोणसाठ' म्हटले की कानात 'साठ' राहतो आणि पाटीवर ६९ उमटतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, तो आपणांस आठवत असेल. गुरुजींचे म्हणणे असे की भांडण मोठ्या माणसांचे होते, अडचण मुलांची होती, आणि ती जुनीच होती. त्यांचा उपाय साधा आहे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायचे. सत्तावीस म्हटले की मुलाने आधी गठ्ठे उचलायचे, मग सुट्या काड्या, आणि ज्या क्रमाने उचलले त्या क्रमाने लिहायचे. काही दिवसांत हात कानाला सुधारतो.

दुसरे पान हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांविषयी आहे. आमच्या भागात अशी मुले पुष्कळ. ती 'माझी पुस्तक', 'माझा पाणी' म्हणतात आणि वर्ग हसतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही, तेव्हा त्या मुलाला 'ते पुस्तक' सुचावे कुठून? पानावर वर्गातल्याच वीस वस्तूंची यादी आहे. तो फळा, ती खिडकी, ते दप्तर. दररोज हजेरीच्या वेळी प्रत्येक मुलाने 'हजर' म्हणण्याऐवजी एका वस्तूचे नाव 'तो, ती, ते' लावून सांगायचे. वेगळा तास लागत नाही, साहित्य लागत नाही. आणखी एक पान 'च' आणि 'ज' यांच्या दोन-दोन उच्चारांवर आहे. 'चार' मधला च वेगळा, 'चारा' मधला वेगळा. जगात राहतो त्या 'जग' मधला ज वेगळा आणि 'जगतो' मधला वेगळा. अक्षर एकच, म्हणून बाहेरून आलेले मूल चुकते, आणि इथल्या शिक्षकाला आपण दोन उच्चार करतो हे ठाऊकच नसते, म्हणून त्याला समजावता येत नाही. हे ज्ञान दिल्लीहून येणाऱ्या चित्रफितीत सापडणार नाही. परप्रांतांतून या पट्ट्यात येणाऱ्या मुलांना ज्यांनी वर्षानुवर्षे याच भागात मराठी शिकवले, त्यांच्याच वहीत ते सापडेल.

मला सर्वांत आवडते ते निराळेच. पान देताना गुरुजी म्हणतात, "बाई, हे जसेच्या तसे करू नका. तुमच्या वर्गात काय झाले ते पुढच्या शनिवारी मला सांगा." आणि बाईंनी काही बदल केला असेल, तर तो ते समासात लिहून घ्यायला मला सांगतात. काड्यांच्या पानाच्या समासात आता तीन शिक्षकांची भर आहे. देणारा घेतोही आहे, म्हणून घेणाऱ्याला संकोच वाटत नाही.

आता या विचारावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की जुन्या माणसांच्या पद्धतीही जुन्या. छडी, पाठांतर आणि 'आमच्या वेळी' हे तीन शब्द घेऊन ही मंडळी येतील. आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक निवृत्त शिक्षक लीलाताई नसतो. काहींनी तीस वर्षे शिकवलेली नसतात, एकच वर्ष तीस वेळा शिकवलेले असते. म्हणूनच मी भाषणे मागत नाही, पाने मागतो. भाषणात 'आमच्या वेळी' खपून जाते. एका पानावर एक अडचण आणि एक उपाय लिहायला बसले की जवळ काय आहे आणि काय नाही ते लगेच उघडे पडते. आणि पान वापरायचे की फाडायचे, हे आजच्या शिक्षकाच्या हातात राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवृत्तांना बोलावण्याच्या नावाखाली शासन स्वस्तात काम उरकून घेईल, ही ती भीती. ती खोटी नाही. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर, वयाच्या सत्तरीपर्यंत, तात्पुरते नेमण्याचा निर्णय निघाला होता. डी.एड., बी.एड. होऊन वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणाऱ्या तरुणांनी त्याला विरोध केला. तो विरोध मला रास्त वाटतो. माझी मावसबहीण डी.एड. झालेली आहे आणि आज चिखलीत घरी ब्लाउज शिवते. तिची जागा तिच्या आजोबांच्या वयाच्या माणसाने घ्यावी, यात ना तिचे हित आहे, ना त्या माणसाचे, ना मुलांचे. निवृत्त शिक्षकाने वर्गातल्या खुर्चीवर बसू नये, त्या खुर्चीच्या पाठीशी उभे राहावे. रिकामी जागा भरणे हे शासनाचे काम, भरलेल्या जागेला बळ देणे हे निवृत्तांचे. या दोन गोष्टींची गल्लत झाली तर चांगली कल्पनाही अन्यायाचे साधन बनेल.

तिसरा आक्षेप शिक्षकांकडून येईल. 'आधीच इतके प्रशिक्षण, त्यात ही आणखी एक सभा.' त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून हे काम सक्तीचे होता कामा नये. त्याची नोंदवही नको, छायाचित्र नको, अहवाल नको. ज्या दिवशी गुरुजींच्या ओट्यावर हजेरीपत्रक येईल त्या दिवशी तिथे कोणी मनापासून येणार नाही. पन्नास तासांच्या अपेक्षेत असे तास धरले जावेत, हे मात्र मला योग्य वाटते. शिक्षकाने आपल्या गरजेने, आपल्या पायांनी जाऊन जे शिकून घेतले ते शिक्षण नव्हे काय?

आता प्रश्न उरतो तो आपला. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की उतरवून घेणे, निवडणे, संपादन करणे, सोप्या मराठीत लिहिणे, हीच तर आपली विद्या आहे! अभियांत्रिकीचा विद्यार्थी यंत्र करील, वाणिज्यचा हिशेब ठेवील, आपण काय करणार? राष्ट्रीय सेवा योजनेत आपण वर्षाला १२० तास देतो. झाडे लावतो, रस्ते झाडतो, ते चांगलेच आहे. त्या १२० तासांतले वीस तास या कामाला द्यावेत, अशी माझी सूचना आहे. निगडी, आकुर्डी, यमुनानगर, प्राधिकरण या भागांत निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. दोघादोघांनी एकेका शिक्षकाकडे जावे, त्यांच्या वह्यांतून किंवा बोलण्यातून पाच पाने उतरवावीत. मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी ती तपासून द्यावीत. ग्रंथालयात एक कपाट या पानांसाठी मोकळे करावे आणि जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांना ते शनिवारी दुपारी उघडे ठेवावे. पानाखाली मूळ शिक्षकाचे नाव, त्याची इच्छा असेल तर, अवश्य असावे, कारण आयुष्यभराच्या कमाईवर दुसऱ्याचे नाव पडावे यासारखे दुःख नाही. पहिल्या वर्षी पन्नास पाने जमली तरी पुष्कळ झाले. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण निबंधात फार वेळा लिहिली आहे. एकदा करून पाहू.

आपल्या प्राध्यापक मंडळींनाही नम्रपणे एक विनंती आहे. आपणही एके दिवशी निवृत्त व्हाल. आपल्या टिपणांच्या फायली, वर्षानुवर्षे विद्यार्थी कुठे अडखळतात याचा आपला अंदाज, कोणता कवी कोणत्या वाटेने वर्गात न्यावा याची आपली युक्ती, हे सारे आपल्या नंतर या खोल्यांत शिकवायला येणाऱ्या तरुण प्राध्यापकासाठी ठेवून जा. २०२० च्या धोरणात ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांनी महाविद्यालयीन अध्यापकांना मार्गदर्शन करण्याच्या राष्ट्रीय योजनेचा उल्लेख आहे. ती योजना वरून येईल तेव्हा येवो, आपल्या कपाटाची किल्ली आपल्याच हातात आहे.

परीक्षा संपल्या की आपल्यातले पुष्कळजण सुट्टीत गावी जातील. कोणी लातूरकडे, कोणी बीडकडे, कोणी जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत. प्रत्येकाच्या गावात एक तरी म्हातारे गुरुजी किंवा बाई असतील, ज्यांनी आपल्याला किंवा आपल्या थोरल्या भावंडांना पहिली अक्षरे गिरवायला लावली. त्यांच्याकडे जाताना हार नेऊ नका, वही आणि पेन न्या. मुले कुठे अडत होती आणि तुम्ही काय करत होता, एवढेच विचारा. जे सांगतील त्यातले एक पान उतरवून जूनमध्ये परत या. माझ्या बहिणीच्या शाळेतल्या बाई त्या पानाची वाट पाहत आहेत.